किटमध्ये नायट्रेट शून्य, तरी शेततळं हिरवंगार. नत्र जातं कुठे?

बागाईतदार_निफाड

नमस्कार मंडळी. द्राक्षबाग आहे, जोडीला थोडा कांदा. शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकलेलं. विहीर उन्हाळ्यात साथ देत नाही म्हणून थंडीतच बोअरचं पाणी तळ्यात साठवतो आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (वेलीची उन्हाळ्यातली मोठी छाटणी) तेच बागेला पुरवून पुरवून वापरतो. बोअरचा रिपोर्ट हाताशी आहे: सामू (पीएच) ७.८, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम.

यंदा तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. बोटुकली देणारा म्हणाला, पाण्याला जरा हिरवा रंग आल्याशिवाय माशाला नैसर्गिक खाद्य मिळत नाही. म्हणून शेणकाला टाकला, थोडा युरिया, आणि सिंगल सुपर फॉस्फेटची जवळजवळ अख्खी गोणी गेली. रोज भुईमुगाची पेंड आणि कोंडा चालूच आहे. पाणी हिरवं झालं, ते थांबायचं नावच घेईना. डिस्क फिल्टर दिवसातून कितीदा धुवायचा? ठिबकाच्या लॅटरल नळीच्या टोकाला हिरवा चिकटा निघतो.

आता खरा प्रश्न. पोराच्या माशांच्या काचटाकीसाठी आणलेलं नायट्रेटचं किट घरात होतं. त्यावर दोन्ही पाणी तपासलं. बोअरचं पाणी लाल होतं, म्हणजे किट चालू आहे. तळ्याचं पाणी पिवळंच राहतं, म्हणजे शून्य. पाणी तर त्याच बोअरचं! नायट्रेट होतं, वरून युरिया टाकला, आणि दोन्ही गायब. नत्र संपलं असेल तर शेवाळ आपोआप मरायला नको का? ते आता जगतंय कशावर? दुकानदार मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणतोय. टाकू का?


काचटाकी_पुणे

बोअरचं पाणी शेजारी ठेवून तपासलंत म्हणून किटवर शंका घेत नाही. तरी तीन गोष्टी. नायट्रेटच्या किटला युरिया दिसत नाही आणि अमोनियाही दिसत नाही. अमोनियाचं किट वेगळं मिळतं, ते आणा. दुसरं, हिरव्या पाण्याचा रंग निकालात मिसळतो, म्हणून आधी दोन-तीन पदरी कापडातून किंवा कॉफीच्या गाळणकागदातून गाळून घ्या. तिसरं, या किटांच्या रंगपट्टीत शून्यानंतर थेट ५ असतं. त्यामुळे तुमचं शून्य म्हणजे "पाचाच्या खाली कुठेतरी".

तपासणी भल्या पहाटे एकदा आणि दुपारी चार-पाचला एकदा करा. सामूही बघा. तळ्याची पहाट आणि तळ्याची दुपार ही दोन वेगळी पाणी असतात.


शेवाळवाली

काचटाकीवाल्यांनी बरोबर सांगितलंय, मी पुढचं सांगते. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्लोरेला (एकपेशी हिरवं शेवाळ) आणि त्याचे भाऊबंद वाढवण्यात माझी नोकरी गेली. लोक शेवाळ घालवायला येत, मी ते जगवण्याचा पगार घेत होते.

दादा, नत्र कुठेही गेलेलं नाही. तुम्हाला जे हिरवं दिसतंय, तेच नत्र आहे. किट पाण्यात विरघळलेलं मोजतं, पेशीच्या आतलं मोजत नाही. खळं मोकळं दिसतंय कारण माल कणगीत जाऊन पडलाय.

हिशोब करून बघा. काठांना एकास एक उतार धरला तर तुमच्या तळ्यात २१९६ घनमीटर पाणी मावतं, साधारण २२ लाख लिटर. नायट्रेटच्या वजनात नत्र २२.६ टक्के. म्हणजे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये दहा मिलिग्रॅम नत्र, आणि अख्ख्या तळ्यात २२ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र येतं. तुम्ही युरियाचा चमचा उचलायच्या आधीच तळ्यात एक गोणी युरिया पडलेला होता! पिण्याच्या पाण्याची ४५ ची मर्यादा माणसासाठी आहे, शेवाळासाठी ते पंचपक्वान्न.

वाळलेल्या शेवाळात नत्र साधारण ७ टक्के असतं. त्या मापाने २२ किलो नत्रावर तीनशे किलोच्या वर वाळलेलं शेवाळ उभं राहू शकतं. पण नुसत्या नत्रावर ते होत नाही, स्फुरद (फॉस्फरस) लागतं. आल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञाने समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात एक प्रमाण पाहिलं होतं: कार्बनचे १०६ अणू, नत्राचे १६, स्फुरदाचा १. वजनात मांडलं तर सात भाग नत्राला एक भाग स्फुरद. गोड्या पाण्यात हे प्रमाण मागेपुढे होतं, पण अंदाजाला पुरतं. २२ किलो नत्राला तीन किलोच्या आसपास स्फुरद. सुपर फॉस्फेटवर १६ टक्के लिहिलेलं असतं ते ऑक्साइडच्या हिशोबाने, त्यातलं मूळ स्फुरद सात टक्के. ५० किलोच्या गोणीत साडेतीन किलो. तुमची "जवळजवळ अख्खी गोणी" त्या नत्राला मापून दिल्यासारखी बसली. बोअरच्या पाण्यात स्फुरद सहसा नगण्य असतं, म्हणून नुसतं बोअरचं पाणी साठवलेली तळी बरेच दिवस नितळ राहतात. तुमच्याकडे कुलूप नत्राचं नव्हतंच, स्फुरदाचं होतं. ते सुपर फॉस्फेटने उघडलं.

आता शेवाळ नत्र खातं कसं ते सांगते, कारण तुमच्या शून्याचं उत्तर तिथे आहे.

पेशीला शेवटी अमोनियम हवं असतं. त्यापासूनच ती ग्लुटामिन, मग ग्लुटामेट आणि पुढची सगळी अमिनो आम्लं करते. नायट्रेट आत घेतलं तर त्याचं अमोनियम करावं लागतं आणि त्याला खर्च येतो. आधी नायट्रेटचं नायट्राइट, त्यात दोन इलेक्ट्रॉन लागतात. मग हरितलवकात नायट्राइटचं अमोनियम, त्यात आणखी सहा. हे इलेक्ट्रॉन मुख्यतः प्रकाशाच्या जोरावर मिळतात. ओटो वारबुर्ग आणि नेगेलाइन यांनी १९२० मध्येच क्लोरेलावर दाखवलं होतं की नायट्रेटचं हे काम आणि प्रकाश यांचं नातं जवळचं आहे. पहिल्या टप्प्याच्या एन्झाइमला मॉलिब्डेनम लागतं. तुम्ही द्राक्षवाले सूक्ष्म अन्नद्रव्याच्या डब्यावर ते नाव वाचता, तेच. गंमत म्हणजे हिरवं शेवाळ अमोनियमवर किंवा युरियावर वाढवलं तर त्याची मॉलिब्डेनमची गरज जवळपास उरत नाही.

म्हणून समोर दोन्ही ठेवलं तर शेवाळ अमोनियमच आधी उचलतं. एकाच फ्लास्कमध्ये दोन्ही घालून रोज मोजा: अमोनियमची रेघ खाली येत राहते, नायट्रेटची आडवी. अमोनियम संपत आलं की नायट्रेटची रेघ वाकायला लागते. नुसती आवडनिवड नाही ही. अमोनियम असेपर्यंत पेशी नायट्रेटची यंत्रणा बंदच ठेवते.

पण अमोनियम स्वस्त म्हणून चांगलं असं समजू नका. नायट्रेट उचलताना पाण्याचा सामू वर जातो, अमोनियम उचलताना खाली. विद्यार्थी नायट्रेटच्या जागी अमोनियम क्लोराइड घालायचे, "मॅडम, लवकर वाढेल." लवकर वाढायचंच. मग सामू कोसळायचा आणि सोमवारी फ्लास्क पांढुरका. तळ्यात बायकार्बोनेट भरपूर असतं म्हणून तिथे एवढं टोक गाठलं जात नाही.

युरियाचं प्रकरण आणखी वेगळं. बऱ्याच जीवाणूंकडे युरिएज असतं, ते युरिया फोडून अमोनियम करतं. क्लोरेला आणि क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळांकडे युरिएज नाही. ते युरिया सरळ आत ओढतात आणि ऊर्जा खर्चून दुसऱ्याच एन्झाइमने फोडतात, त्याला बायोटिन लागतं. काहीही असो, युरिया पाण्यात वाट बघत बसत नाही आणि तुमच्या किटला तो मुळात दिसतच नव्हता.

आता शून्यावर शेवाळ जगतं कसं. किट साठा दाखवतं, उलाढाल दाखवत नाही. भुईमुगाच्या पेंडीत नत्र सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किलोमागे ७० ग्रॅम. माशाच्या अंगी त्यातला लहान हिस्सा लागतो. बाकीचं बरंचसं कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून आणि विष्ठेवाटे पाण्यात येतं. पाण्यातले बारीक किडे शेवाळ खातात आणि तेही अमोनियाच सोडतात. तळाशी सडणारा गाळ तेच करतो. हे अमोनियम सुटलं रे सुटलं की शेजारची पेशी ते उचलते. पाण्यात कधी साचतच नाही, मग मोजणार काय? उपाशी पेशी तर अमोनियम अंधारातही उचलतात, साठवलेल्या पिष्टाच्या जोरावर. सिरेट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात क्लोरेलावर हे दाखवलं होतं. रात्रीचं दुकानही बंद नाही.

आणि नत्र खरंच तुटलं तरी शेवाळ लगेच मरत नाही. पेशीविभाजन थांबतं, हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र दुसरीकडे वापरलं जातं, पेशी पिवळट होतात आणि आत पिष्ट किंवा तेल साठवून बसतात. पुन्हा नत्र दिलंत की लवकरच हिरव्या.

मोरचूद तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी चार बाटल्यांचा प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. १ ग्रॅम युरिया एक लिटर पाण्यात विरघळवा. १ ग्रॅम सुपर फॉस्फेट दुसऱ्या लिटरमध्ये रात्रभर ठेवून वरचं नितळ पाणी घ्या. पारदर्शक बाटल्यांत तळ्याचं एकेक लिटर पाणी, साध्या कापडातून बारीक किडे काढून. एकीत काही नाही, दुसरीत युरियाचं द्रावण २० मिलि, तिसरीत सुपरचं २० मिलि, चौथीत दोन्ही. बुचं सैल ठेवा, उजेड येईल पण ऊन तापणार नाही अशा जागी चार-पाच दिवस ठेवा आणि कुठली जास्त हिरवी होते ते इथे लिहा. तुमच्या तळ्याला आज कशाची भूक आहे ते तळंच सांगेल.


उजनीकाठ

ताईंचं शास्त्र मोठं आहे, आपण पाण्यावरचा माणूस. दोन शब्द बोलतो.

कागदाच्या तळ्यात माती नसते हे लोक विसरतात. मातीचं तळं खत गिळतं, कागदाचं तळं गिळत नाही, टाकलं ते सगळं पाण्यातच राहतं. मातीच्या तळ्याचं माप कागदाच्या तळ्याला लावलं की असंच होणार. शिवाय ज्याला रोज पेंड चालू आहे त्याला युरिया लागतोच कशाला? पेंड हेच खत.

हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळहात अंधूक दिसला तर ठीक. मनगटाच्या पुढे काही दिसत नसेल तर खाद्य कमी करा, खत बंद. आणि पहाटे पाचला तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड वासत असतील तर प्राणवायू संपलाय. दिवसा हिरवं पाणी प्राणवायू देतं, रात्री तेच ओढतं. पंप लावून पाणी वरून तळ्यातच पाडा.

मोरचूद मासे असलेल्या तळ्यात टाकू नका राव. मेलेल्या शेवाळापेक्षा जिवंत शेवाळ परवडतं.


बागाईतदार_निफाड

सगळ्यांचे आभार. ताई, प्रयोग केला. बायको म्हणाली, खिडकीत सरबताचं दुकान लावलंय का.

काही न घातलेली बाटली होती तशीच, किंचित पिवळटच. युरियाची बऱ्यापैकी गडद झाली. सुपरची पहिलीसारखीच. दोन्ही घातलेली युरियाच्या बाटलीहून थोडी जास्त गडद, पण फार फरक नाही. अमोनियाचं किट आणलं: पहाटे ०.५, दुपारी जवळजवळ काहीच नाही. सामू पहाटे ८.१, दुपारी चारला ९.४. हात घातला तर मनगटापाशीच गायब.

म्हणजे आज भूक नत्राची आहे, बरोबर ना? मग सोपंच झालं. पेंड बंद करतो, बोअरचं नवीन पाणी सोडत नाही, नत्र तोडलं की शेवाळ आटोक्यात. एकच पाल चुकचुकते. वरच्या मळ्यातल्या चुलत्याचं तळं आहे. त्यांच्याकडे नत्राचं काहीच टाकलेलं नाही, पावसाचं वाहून आलेलं पाणी आणि कोंबडखताचा ओघळ तेवढा. त्यांच्या तळ्यावर सकाळी निळसर हिरवा, रंगाच्या डब्यासारखा थर येतो आणि वास मारतो. त्याला कुठलं नत्र मिळतंय?


शेवाळवाली

वाचन अगदी बरोबर केलंत. आज तुमच्या तळ्यात नत्र तोकडं आणि स्फुरद शिल्लक. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि चुलत्यांची शंका तुम्हीच आणलीत हे बरं झालं.

नत्र तोडलं की हिरवी शेवाळं अडतात, कारण हवेतलं नत्र त्यांना पचत नाही. काही निळ्या-हिरव्या शेवाळांना पचतं. ही खरं तर जीवाणूंच्या कुळातली. ॲनाबीनाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मण्यांच्या ओळीत साधारण दहा-पंधरा मण्यांनंतर एक जाड भिंतीचा, फिका मणी दिसतो. त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात. हवेतलं नत्र पकडणारं एन्झाइम प्राणवायूने निकामी होतं, म्हणून त्या पेशीत प्राणवायू सोडणारा भाग बंद असतो आणि भिंत जाड असते. शेजारचे मणी तिला साखर पुरवतात, ती त्यांना नत्र. सौदा महाग आहे, नत्राच्या एका रेणूला किमान १६ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). पाण्यात अमोनियम किंवा नायट्रेट मिळत असेल तर ॲनाबीना हा उपद्व्याप करत नाही, नवे हेटेरोसिस्टही सहसा बनवत नाही. पण पाण्यात नत्र नाही आणि स्फुरद आहे, अशा ठिकाणी तिला स्पर्धकच उरत नाही. तुम्ही नेमकं तेच मैदान तयार करून द्यायला निघाला आहात.

हा प्रयोग एका अख्ख्या तळ्यावर झालाय. कॅनडात ऑन्टारिओमध्ये प्रायोगिक तळ्यांचं क्षेत्र आहे. तिथल्या २२७ नंबरच्या तळ्यात १९६९ पासून नत्र आणि स्फुरद मुद्दाम घालत आले. पुढे नत्र कमी केलं, १९९० पासून पूर्ण बंद केलं, स्फुरद चालू ठेवलं. तळं हिरवंच राहिलं, फक्त हवेतून नत्र घेणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळांचं राज्य आलं. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ३७ वर्षांची ही नोंद मांडली आणि सांगितलं, नत्र तोडून भागणार नाही, स्फुरद तोडा. सगळ्यांना हे पटलेलं नाही. हवेतून येणारं नत्र पूर्ण तूट भरून काढत नाही, म्हणून दोन्ही आवरा, असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. शिवाय ते थंड मुलखातलं तळं, तुमचं मे महिन्यातलं निफाड. पण स्फुरद शिल्लक ठेवून फक्त नत्र तोडू नका, एवढं तुमच्यापुरतं दोन्ही बाजू कबूल करतील.

चुलत्यांकडे कोंबडखताचा ओघळ आहे म्हणालात. कोंबडखतात नत्राच्या मानाने स्फुरद भरपूर असतं आणि नत्रातला काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. उरतं ते स्फुरदाकडे झुकलेलं पाणी. पण त्यावरून ती ॲनाबीनाच आहे असं ठरवू नका. मायक्रोसिस्टिसही असाच रंगाचा थर धरतो आणि त्याला हवेतलं नत्र घेता येत नाही. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यावर तो वरखाली होतो आणि वारा पडला की वर तरंगून येतो. तो असेल तर नत्र त्याच खतातून आणि तळाच्या गाळातून मिळतंय. थर बाटलीत घ्या, जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. मण्यांची माळ की विस्कटलेले ठिपक्यांचे पुंजके, पाच मिनिटांचं काम आहे. तोवर त्या तळ्याचं पाणी गुरांना आणि कुत्र्याला पाजू नका. दोन्ही जातींत विषं तयार होऊ शकतात आणि पाणी उकळून ती जात नाहीत.

हीच मंडळी भातखाचरात मात्र शेतकऱ्याच्या बाजूची. भाताच्या शेतात नत्राची भर निळ्या-हिरव्या शेवाळांमुळे पडते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवलं. शेवाळ वाईट नसतं, जागा चुकते. असो, माझा पक्षपात सोडा.

सामूबद्दल. दुपारचा ९.४ हा शेवाळाचाच उद्योग. पाण्यातला कार्बन ओढून घेतल्यामुळे तो चढतो, नायट्रेट होतं तेव्हा त्यानेही भर घातली असेल. अमोनियाची दोन रूपं असतात. अमोनियम माशाला फारसं बाधत नाही, मोकळा अमोनिया बाधतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर मोकळा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सामू ९.४ ला निम्म्याहून जास्त, आणि पाणी तापलं की आणखी. तुमचं नशीब की दुपारी शेवाळ अमोनिया शिल्लकच ठेवत नाही. पण दुपारच्या वेळी या पाण्यात युरिया किंवा शेणकाला टाकणं म्हणजे माशांशी वैर.

आणि आता मोरचूद. मोरचुदाने पेशी मरतील, नत्र मरत नाही. पहिला घाव प्राणवायूचा: करणारे गेले, सडणारे वाढले. मग पेशींतलं नत्र अमोनियम होऊन पाण्यात, स्फुरदही मोकळं, आणि ते उचलायला कुणी नाही. तुमचं पाणी अल्कधर्मी, त्यात तांबं लवकर साक्यात बसतं, म्हणजे असर काही दिवसांचा आणि तांबं तळाशी कायमचं. त्यानंतर जे शेवाळ येईल त्याला पंगत वाढूनच ठेवलेली. नत्र तळ्याबाहेर काढायचं असेल तर ते उचलूनच न्यावं लागेल. माशांच्या रूपात न्या, गाळाच्या रूपात न्या, किंवा बागेला द्या.

करायचं काय: सुपर फॉस्फेट आणि शेणकाला पूर्ण बंद. पेंड एकदम तोडू नका, मासे खातील तेवढीच, तासाभरात संपेल अशी. तळाचा गाळ अधूनमधून उपसा, कागदाच्या तळ्यात ते जमतं. तळ्यावर सावलीची जाळी जमली तर उत्तम, प्रकाश नसेल तर नत्र आणि स्फुरद दोन्ही शोभेचे.


छाटणी_तासगाव

मी द्राक्षाच्या बाजूने एक सांगू का? खरड छाटणीनंतर घडनिर्मितीच्या काळात आपण नत्र आवरून धरतो, नाहीतर वेल नुसती पळते आणि घडाच्या जागी बाळी (नुसता तणावा). ताईंच्या हिशोबाने तुमच्या बोअरच्या दर लाख लिटरमागे एक किलो नत्र बागेत जातंय, तेही लगेच लागू पडणारं नायट्रेट. म्हणजे खताच्या कोष्टकात शून्य लिहायचं आणि पाण्यातून देत बसायचं. तुमच्या हिरव्या तळ्यात ते नायट्रेट शून्य झालंय. मला तर हे पाणी त्या दोन महिन्यांत बोअरपेक्षा बरं वाटतं. फिल्टरचा त्रास सोडला तर.


बागाईतदार_निफाड

अरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे नत्र फिल्टरवर अडकतंय आणि बागेला जातच नाही? ताई, खरं का?


शेवाळवाली

तासगावकरांचा मुद्दा पक्का आहे, "अडकतंय" तेवढं दुरुस्त करते. क्लोरेलासारखी सुटी पेशी पाच-दहा मायक्रॉनची. ठिबकाची नेहमीची डिस्क १३० मायक्रॉनची, तिच्यातून ती निवांत पार होते. अडकतात ते लांब धागे, वसाहती आणि त्यांच्याभोवतीचा चिकटा. म्हणजे नत्रातला बराच भाग बागेतच जातो, पण नायट्रेट म्हणून नाही, मेलेल्या पेशी म्हणून. मातीतले जीवाणू ते हळूहळू सोडवतील, काही आठवड्यांत, आणि प्रमाणही थोडं. समजा पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम वाळलेलं शेवाळ आहे, तर लाख लिटरमागे तीन किलो शेवाळ, म्हणजे २०० ग्रॅम नत्र. बोअरच्या एक किलोपुढे काहीच नाही. बाकीचं मासे, किडे आणि गाळात आहे.

फक्त पाणी उपसताना सक्शन तळाला टेकवू नका, गाळ येईल. अगदी वरही ठेवू नका, थर येईल. रिकाम्या कॅनला बांधून पाण्याच्या दोन-अडीच फूट खाली लटकवा. आणि ऐन घडनिर्मितीत तळं बोअरने भरत राहू नका, नाहीतर तासगावकरांचा फायदा तुम्हीच बुडवाल.


उजनीकाठ

फिल्टर धुतलेलं पाणी परत तळ्यात सोडता का बाहेर? बरेच जण उतार आहे म्हणून परत तळ्यातच सोडतात.


बागाईतदार_निफाड

तळ्यातच जातंय. उद्या पाइप फिरवून कांद्याच्या वाफ्याकडे काढतो.